तीन नंबरचं नाक

११ मार्च, मंगळवार

ऑफिसपासून कंप्रेसर रूमपर्यंतचं अंतर आज चाकाच्या टेपने मोजलं. वळणं धरून एकशे सदतीस मीटर. जुन्या नकाशावर एकशे वीस लिहिलंय. ज्याने तो नकाशा काढला त्याने घरी बसून काढला असणार.

काम असं आहे. आमच्या कोल्ड स्टोरेजच्या दोन टोकांना नेटवर्कचे दोन स्विच आहेत, एक ऑफिसात आणि एक कंप्रेसर रूममध्ये, आणि दोघांमध्ये एकच वायर. मॅनेजरांना तिकडे चार कॅमेरे हवेत. कॅमेरे लावले की ती वायर तुंबणार. शिवाय अमोनियाचे आकडेही तिच्यावरूनच येतात; तुटली तर सगळंच आंधळं. म्हणून दुसरी वायर टाकायची आणि दोन्ही मिळून एक करायच्या. याला लिंक ॲग्रिगेशन म्हणतात. नुसत्या दोन वायरी खुपसून चालत नाही, माहिती गोल गोल फिरत राहते आणि सगळं ठप्प होतं. दोन्ही स्विचना नीट सांगावं लागतं की बाबांनो, या दोन वायरी म्हणजे एकच रस्ता समजा.

मॅनेजर म्हणाले, "बाहेरचा माणूस बोलवू का?" मी म्हटलं, बाहेरच्याला या इमारतीतलं एकही भोक माहीत नाही. मिसरूड फुटायच्या आत शाळा सुटली माझी. स्विचचं तीनशे पानी पुस्तक डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचलंय, दोनदा. डिग्रीवाल्यांपैकी कितीजणांनी एकदा तरी वाचलं असेल?

१३ मार्च, गुरुवार

वायर आणली. काचेची आहे, फायबर. एवढ्या अंतराला तांब्याची चालत नाही. दुकानदार मला शिकवायला लागला, "हिला जरा लाडात ठेवा. कोपऱ्यावर मुठीएवढा गोल सोडा, ताणू नका." मी हो हो म्हटलं. पंचवीस वर्षं वायरी ओढतोय मी, आणि हा काउंटरमागे उभा राहून सांगणार.

दिवसभर ओढण्यात गेला. काम बघण्यासारखं झालंय. प्रत्येक वळण गुण्या, म्हणजे काटकोनाची लोखंडी पट्टी, लावून काढलंय. प्रत्येक फुटाला बांधायची प्लॅस्टिकची पट्टी, पट्टीचं टोक सपाट कापलेलं. कंप्रेसर रूमच्या चौकटीपाशी वायर वरून सरळ खाली येते आणि काटकोनात आत वळते. तिथे गोल सोडला असता तर दारात फास लोंबकळल्यासारखा दिसला असता. दोन पट्ट्या पक्क्या आवळल्या, चिमट्याने.

भोंग्या बघत उभा होता. भोंग्या म्हणजे हिचा धाकटा भाऊ, आमचा कंप्रेसर ऑपरेटर. आवाज असा की कंप्रेसर चालू असताना हा बोलला तर गेटवरचा वॉचमन मान वर करतो. म्हणून भोंगा.

"दाजी," तो ओरडला, "ही वायर आहे का परेडला उभी केलीय?"

"शिस्त म्हणतात याला."

"तुम्ही झोपता पण काटकोनात का? ताईला विचारलं पाहिजे."

मजूर हसले. ते मला मागे काटकोन साहेब म्हणतात, मला माहीत आहे. म्हणोत. वाकड्या कामाला नावं ठेवतात, सरळ कामालाही ठेवतात.

१८ मार्च, मंगळवार

वायरीच्या दोन टोकांना दोन डब्या बसवल्या. डबी काचेच्या वायरीतला उजेड घेते आणि तांब्याच्या वायरीतून स्विचला देते. डबीवर चार दिवे असतात. इकडच्या डबीचे तीन लागतात, चौथा नाही. तिकडच्या डबीचंही तेच. जुन्या वायरीच्या डबीला तर दिवेच नाहीत आणि ती सात वर्षं चालतेय. स्वस्त माल, दिवे उडालेले आले असणार. दोन्ही डब्या आपापल्या पत्र्याच्या पेटीत घातल्या, दोन्ही पेट्यांना एकाच किल्लीचं कुलूप. आता उंदीर नाही, धूळ नाही.

२० मार्च, गुरुवार

आजचा दिवस मोठा. नीट लिहून ठेवतो. स्विच बंद करून चालू केले की त्यांच्या आतल्या नोंदी पुसल्या जातात, आणि मॅनेजरांना दर रविवारी सगळं बंद-चालू करायची हौस आहे. माझी वही पुसली जात नाही.

स्विचचं टूल लॅपटॉपवर उघडलं. पडद्यावर दोन्ही स्विचची चित्रं येतात, वायरी खुपसायची भोकं अगदी खऱ्यासारखी. माऊसने दोन भोकं निवडायची, ग्रुप म्हणायचं, ग्रुपला नाव द्यायचं. आधी लांबचा स्विच, मग जवळचा. उलटं केलं तर लांबचा हाताबाहेर जातो. हे पुस्तकात एकशे बाराव्या पानावर बारीक अक्षरात आहे.

ग्रुपचे दोन प्रकार. ऑटो म्हणजे दोन्ही स्विच दर थोड्या वेळाने प्रत्येक वायरीवरून एकमेकांना हाक मारतात, आणि ओ आली तरच ती वायर वापरतात. स्टॅटिक म्हणजे हाका नाहीत, आपण सांगितलं की झालं.

तीन वाजता ऑटो लावलं. पहिली वायर हिरवी, दुसरी लाल. "उत्तर नाही." तीनदा केलं. तांब्याचे तुकडे बदलले. तरी लाल. दोन्ही टोकांना वायर तर जिवंत दाखवतेय, स्विचवरचा दिवा टकटक लागलेला. मग उत्तर का नाही? विचार केला तेव्हा लक्षात आलं. तिकडचा स्विच जुना, त्याला ही हाकाहाकीची भाषा दुसऱ्या वायरीवर धड येत नसणार. पुस्तकात असं काही लिहिलेलं नाही, पण पुस्तकात सगळं नसतं. अनुभव म्हणून काही असतो.

दोन्हीकडे स्टॅटिक केलं. दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी सगळं हिरवं झालं.

माझ्या लॅपटॉपवरून कंप्रेसर रूमच्या स्विचला शंभर वेळा आवाज दिला. शंभरच्या शंभर उत्तरं. पडद्याचा फोटो छापून भिंतीवर लावला, चारही कोपऱ्यांना टाचणी.

घरी येऊन हिला सांगितलं. म्हणाली, "बरं झालं. भोंग्याला बरं पडेल ना त्यानं?" मी म्हटलं, त्याच्याचसाठी तर केलंय.

२४ मार्च, सोमवार

भोंग्या जेवणाच्या सुट्टीत आला.

"दाजी, तीन नंबरचं नाक बसलंय."

त्यांच्या भाषेत नाक म्हणजे अमोनिया हुंगणारं यंत्र. अशी पाच आहेत. ती आकडे ऑफिसच्या कॉम्प्युटरला पाठवतात, आणि तिथून ते भोंग्याच्या पडद्यावर दिसतात. आकडा पंचवीसवर गेला की आवारात सायरन. तीन नंबरचं पंपाच्या खड्ड्यात आहे, झाकणाखाली.

"बसलंय म्हणजे?"

"आकडा हलत नाही. चार म्हणजे चारच. गुरुवारपासून."

"चार वाईट आहे का?"

"चार चांगला आहे हो. पण बाकीचे बघा, दोन, तीन, पाच, परत दोन, असे खेळत असतात. हा आपला फोटोला बसल्यासारखा."

मी त्याला भिंतीवरचा कागद दाखवला. सगळं हिरवं. म्हटलं, वायर बोलते आहे, तुझं नाक झोपलं असेल, साफ करून घे. त्याने कागदाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "तुम्ही म्हणताय म्हणजे असेल," म्हणाला.

वीस वर्षं कंप्रेसरवर काढून यांना वाटतं नेटवर्क पण कान लावून ऐकता येतं.

२७ मार्च, गुरुवार

चारपैकी एक नवा कॅमेरा काळा दाखवतो. मॅनेजर वैतागले. कॅमेरा उतरवून ऑफिसात लावला तर चालला. परत तिकडे लावला, काळा. थंडीने आत पाणी धरत असणार. कंपनीला बदलून मागितला.

भिंतीवरच्या कागदाला कुणीतरी पेन्सिलने मिशा काढल्यात. खोडल्या.

३० मार्च, रविवार

भोंग्या घरी जेवायला होता. हसत-खेळत दिवस गेला. विशेष काही नाही.

२ एप्रिल, बुधवार

परत तीन नंबर. या वेळी फोनवर, आणि याचा फोन म्हणजे कानापासून हातभर लांब धरावा लागतो.

"दाजी, पाणी मारून, पुसून, सगळं केलं. यंत्राला हिरवा दिवा आहे. इकडे पडद्यावर चारच. तुम्ही एकदा या हो. मला खड्ड्यात उतरायचंय या आठवड्यात, पंपाच्या दांड्याभोवतीचं ग्लँड ओलं दिसतंय, गळतंय बहुतेक."

"शुक्रवारी दुपारी येतो."

"माझं नाक मेलंय हो. वीस वर्षं हाच वास. मला आता दहा काय नि तीस काय, काही कळत नाही."

"येतो म्हटलं ना."

खरं म्हणजे आज जाता आलं असतं. पण नवा कॅमेरा आला होता, तो लावून बघायचा होता. तोही काळा. अख्खा गठ्ठाच खराब निघालाय.

४ एप्रिल, शुक्रवार

सकाळी दहा पन्नास. सायरन वाजला नाही. वॉचमन तोंडाला ओला रुमाल बांधून ऑफिसात आला आणि म्हणाला, "काटकोन साहेब, भोंगा पडला."

मी टूल बघितलं. सगळं हिरवं होतं. आधी टूल बघितलं मी, मग धावलो.

५ एप्रिल, शनिवार

दवाखाना. दोन्ही डोळ्यांवर पट्टी. गळ्यात नळी. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला. एका डोळ्याची आशा आहे. आवाजाचं सांगता येत नाही, आत सगळं भाजलंय.

त्याने ग्लँड आवळायला खड्ड्याचं झाकण उघडलं. आकडा चार होता म्हणून मास्क खुंटीवर राहिला. वाफ सरळ तोंडावर आली. पण बाहेर पळायच्या आधी त्याने हात घालून व्हॉल्व बंद केला. तो बंद झाला नसता तर माल चढवणारी अकरा माणसं होती पलीकडे. डॉक्टरांना हे मीच सांगितलं. ते म्हणाले, "हो, हातही भाजलेत."

ही बाकावर बसून आहे. रडत नाही. सारखी पदराची एक दशी बोटाला गुंडाळते, सोडते, गुंडाळते.

८ एप्रिल, मंगळवार

कंप्रेसर रविवारीच चालू केले, नाहीतर माल वितळला असता. भोंग्याच्या जागी वेल्डरला बसवलाय. तीन नंबरचा आकडा अजून चार. मॅनेजर म्हणतात, ते नाकच बिघडलेलं होतं, कंपनीचा माणूस येऊन बघेल, तोवर काही हलवू नका.

चौकशीचा कागद तयार होता. "ऑपरेटरने मास्क न लावता खड्डा उघडला." त्याखाली, "नेटवर्क यंत्रणा पूर्ण कार्यरत होती." मॅनेजर एरवी मला वायरमन म्हणतात. आज म्हणाले, "इंजिनिअरसाहेब, इथे सही."

मी म्हटलं, "मास्कचं असं सरळ लिहायचं?"

"आकडा चार असो की चारशे, नियम तो नियम. तुमचा मेहुणा आहे, मलाही वाईट वाटतं. पण तुमच्या बाजूने सगळं ठीक होतं ना?"

होतं. छापील पुरावा आहे. सही केली, भिंतीवरचा कागद सोबत जोडला. एका शब्दाचंही खोटं लिहिलेलं नाही.

घरी हिला सांगितलं नाही. विचारलंही नाही तिने.

११ एप्रिल, शुक्रवार

हुंगण्याच्या यंत्रांच्या कंपनीचा इंजिनिअर आला होता. पोरसवदा, डिग्रीवाला, बूट खड्ड्याच्या कडेला काढून ठेवणारा. दोन तास खड्ड्यात होता. मग ऑफिसात येऊन माझ्यासमोर बसला.

"यंत्र ठणठणीत आहे," म्हणाला. "त्याच्या पोटात स्वतःची नोंद असते. हे बघा."

कागदावर आकडे. चार, नऊ, सतरा. तीन एप्रिलला दुपारी एक वाजता पंचवीस ओलांडले. चार तारखेला सकाळी बासष्ट. त्यानंतर मोजपट्टीच्या बाहेर.

"म्हणजे तीन तारखेलाच सायरन वाजायला हवा होता," मी म्हटलं.

"हो. यंत्र ओरडत होतं, तुमच्या ऑफिसला ऐकू गेलं नाही. आणि तुमचा हा जुना प्रोग्रॅम असा की आकडा आला नाही तर शेवटचाच दाखवत राहतो. तो शेवटचा आकडा चार." त्याने कागद उलटा केला. "ऑफिसला शेवटचं काही पोचलंय ते वीस मार्चला, दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी. त्या वेळी काय झालं होतं इथं?"

मी म्हटलं, "बघावं लागेल."

तो म्हणाला, "कुठे नोंद असेल तर बघा. स्विचमध्ये तर काही राहिलेलं नाही."

नोंद एकाच ठिकाणी आहे. घरी येऊन वही उघडली. वीस मार्च. माझंच अक्षर, एक काना इकडचा तिकडे नाही.

१२ एप्रिल, शनिवार

झोप नाही. सकाळी पुस्तक परत काढलं. एकशे एकोणिसावं पान. हे पान मी दोनदा वाचलंय, खाली रेघसुद्धा मारलेली आहे.

ग्रुपमध्ये एका यंत्राचं दुसऱ्या यंत्राशी बोलणं कायम एकाच वायरीवरून जातं. कोणतं बोलणं कोणत्या वायरीवर, ते स्विच ठरवतो. म्हणजे दुसरी वायर मेलेली असेल तर सगळं बंद पडत नाही. तिच्या वाट्याला आलेली बोलणी तेवढी गुपचूप मरतात. माझा लॅपटॉप पहिल्या वायरीवर. चार नाकं पहिल्या वायरीवर. तीन नंबरचं नाक आणि तो काळा कॅमेरा दुसऱ्या.

आणि वायर मेलीय हे स्विचला कळणार नाही, कारण त्याला दिसते ती फक्त जवळची डबी. डबी जिवंत आहे. टकटक दिवा तिचा. काचेतला उजेड पलीकडे पोचतो का, हे सांगणारा दिवा चौथा.

ऑटो हेच तर सांगत होतं. तीनदा सांगितलं त्याने. मी त्याला गप्प केलं.

तरी अजून खात्री नाही. असंही असेल की डब्या खराब निघाल्या.

१४ एप्रिल, सोमवार

कामावर गेलो. आता हिशोब सरळ आहे. दुसरी वायर उपटली की तीन नंबर त्याच क्षणी बोलायला लागेल. आणि कोणत्या मिनिटाला बोलायला लागला ते यंत्राच्या पोटात लिहिलं जाईल. त्या मिनिटाला पेटीचं कुलूप कुणी उघडलं? किल्ली एकच आहे, माझ्या कमरेला.

नाही उपटली तर कुणाला काही कळणार नाही, कंपनीचा पोरगा फक्त माझ्याशी बोललाय. "काही हलवू नका" हा मॅनेजरांचा हुकूम अजून उठलेला नाही.

वेल्डरला म्हटलं, "खड्ड्याकडे जाऊ नकोस."

"का हो? चार तर आहे."

"मी सांगतो म्हणून."

"बरं," म्हणाला. मग म्हणाला, "पण उद्या-परवा पंपाला तेल द्यायला लागेल ना."

मी परत आलो. खुर्चीत बसलो. दिवसभर टूलमधली हिरवी चित्रं बघत होतो. एका अक्षराचं काम झालं नाही.

१५ एप्रिल, मंगळवार

भोंग्याच्या एका डोळ्याची पट्टी काढली. लाल आहे, पण दिसतं त्याला. बोलायची मनाई. हिने वही-पेन आणून दिलंय. बोटांना पट्ट्या, अक्षर अक्षरावर चढतं.

मी बसलो तेव्हा त्याने लिहिलं, "दाजी, जेवलात का."

मग लिहिलं, "तिथं कोण बसतं आता?"

मी म्हटलं, वेल्डर.

बराच वेळ लिहीत होता. वही माझ्याकडे फिरवली. "त्याला नाकाची सवय नाही. तीनचा आकडा हलतो का?"

ही माझ्याकडे बघत होती.

मी म्हटलं, "हलतो."

त्याने मान मागे टाकली. पहिल्यांदाच त्याच्या अंगातला ताण सुटलेला दिसला. माझ्या एका शब्दावर.

१६ एप्रिल, बुधवार

सकाळी नऊला कंप्रेसर रूममध्ये गेलो. वेल्डर तेलाचा डबा हातात घेऊन निघाला होता. म्हटलं, थांब, पडद्याकडे बघ. पेटीचं कुलूप उघडलं. दुसऱ्या वायरीचा स्विचकडचा तांब्याचा तुकडा उपटला. नऊ वाजून बावीस मिनिटं.

"अहो!" वेल्डर ओरडला. "हलला की! अकरा झाला!"

मग चिमट्याच्या धारेने चौकटीवरच्या दोन पट्ट्या कापल्या. वायर सुटली आणि आपोआप गोल झाली, मुठीएवढी. जिथे काटकोन होता तिथे प्लॅस्टिकवर पांढरी रेघ होती, केसाएवढी. आतली काच तिथे तुटलेली. कधी तुटली तेही ठाऊक आहे. तेरा मार्चला, चिमट्याने आवळताना. डब्यांत काही दोष नव्हता. दिव्यांतही नव्हता. कॅमेऱ्यातही नव्हता.

वही घेऊन मॅनेजरांकडे गेलो. त्यांनी तीन पानं वाचली आणि वही मिटली.

"हे कुणी बघितलंय?"

"कुणी नाही."

"मग घरी ठेवा. तुमची सही झालेली आहे. आता उलट लिहिलंत तर तुम्हीच खोटे ठरता."

"तसा ठरलोच आहे."

"अहो, मी तुम्हाला वाचवतोय! मास्क त्याने लावला नव्हता, हे तर खोटं नाही ना?"

"आकडा चार होता, साहेब. तो चार मी दाखवला त्याला."

ते खिडकीकडे बघत म्हणाले, "शेवटी वायरमन ते वायरमनच."

आयुष्यात पहिल्यांदा त्या शब्दाचा राग आला नाही. उद्या कारखाना तपासनिसांच्या कचेरीत जाणार. सोबत दुसरा जबाब आणि ही वही.

१७ एप्रिल, गुरुवार

कचेरी अकराला उघडते. त्याआधी, सकाळी, हिला समोर बसवून सगळं वाचून दाखवलं. अकरा मार्चपासून, एक ओळ न गाळता. भोंग्याला परवा खोटं बोललो तेही. ऐकताना ती दशी बोटाला गुंडाळत होती.

वाचून झाल्यावर म्हणाली, "म्हणजे त्यानं सांगितलं होतं तुम्हाला."

"हो."

"किती वेळा?"

"दोनदा. चोवीस मार्च आणि दोन एप्रिल. दोन्ही वहीत आहेत."

"तीनदा," ती म्हणाली.

मी म्हटलं, वहीत दोनच आहेत, मी सगळं लिहितो. ती म्हणाली, "ते तीस तारखेचं पान परत वाचा."

वाचलं. हसत-खेळत दिवस गेला. विशेष काही नाही.

"माझ्यासमोर बोलला तो. मी वाढत होते." ती उठली. "ही वही अशी अर्धी घेऊन जाऊ नका तिकडे."

ती आत गेली. आता सव्वादहा झालेत. त्या दिवशीच्या बोलण्यातला शब्द न् शब्द मला आठवतो आहे. कधीच विसरलेलो नव्हतो.

३० मार्च, रविवार (आज लिहितो)

भोंग्या घरी जेवायला होता. पहिला घास घेऊन म्हणाला, "दाजी, रागावू नका. तुमचं काम चुकत नाही हे मला माहीत आहे. पण मी त्या आकड्याच्या भरवशावर जगतो. पाच मिनिटं या, नुसते माझ्या शेजारी उभे राहून बघा. मग तुम्ही ठीक म्हणालात की मी परत विचारणार नाही."

मी म्हटलं, "जेवताना कामाचं बोलू नये. आणि ज्यातलं कळत नाही त्यातलं तर नाहीच."

ही वाढता वाढता थांबली.

भोंग्यालाच माझं अवघडलेपण बघवलं नाही. "बरोबर आहे," म्हणाला, "ताई, वाढ गं, तुझा नवरा काटकोनात रागावलाय," आणि हसला. असा हसला की भिंतीपलीकडून शेजाऱ्यांनी विचारलं, काय झालं हो एवढं?